पुढच्या ब्रेकची केबल

यादीत आठ ओळी आहेत. सात ओळींपुढे बरोबरची खूण आहे, एकीपुढे नाही.

माझ्या हातून अर्धवट राहिलेल्या याद्या फार नाहीत. हिंगोलीत गोदामपाल म्हणून माझी इतकी वर्षं गेली. रोज सकाळी खिशातल्या डायरीत दिवसाची कामं लिहायची आणि संध्याकाळी सगळ्यांवर खुणा करूनच घरी जायचं, ही सवय. लोक हसतात, हसू देत. माझ्या गोदामातलं हळदीचं पोतं कधी चुकीच्या ट्रकमध्ये चढलं नाही. चुकलं ते एक काम गोदामाबाहेरचं होतं, घरचं होतं.

जिल्हा नवा झाला त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. माझे थोरले दादा आखाडा बाळापुरात राहायचे. गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते, पण लोक डॉक्टरच म्हणायचे. दवाखान्यात ते सापडायचे कमी. त्यांची खरी नोकरी म्हणजे फिरती. सकाळी सहाला मोटारसायकल काढायची, मागे कृत्रिम रेतनाचा थंड कॅन दोरीनं आवळायचा आणि भोवतालची दहा-बारा गावं नि तीन तांडे पालथे घालायचे. कुणाची म्हैस अडली, कुणाचा बैल फुगला, कुणाची गाय माजावर आली. रस्त्यानं चार-दोन जण हात करून थांबवणार, चहा पाजणार, घरातलं भांडणसुद्धा सांगणार. दादांना हे सगळं फार आवडायचं. रजेच्या दिवशी त्यांना करमायचं नाही, वहिनी म्हणायच्या, "ह्यांना ढोरं दिसली न्हाईत तर भाकर गोड लागत न्हाई."

असाच एक बैल औषध पाजताना झटका देऊन वळला आणि दादा गोठ्याच्या खांबावर आदळले. मान आणि कंबर दोन्ही दुखावली. नांदेडच्या डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला, कमरेला पट्टा दिला आणि दीड-दोन महिने झोपवून ठेवलं. उठल्यावर दादांनी एकच प्रश्न विचारला, गाडी कधी चालवू? डॉक्टर म्हणाले, चालवा, पण ताठ बसून. पुढं वाकायचं नाही.

दादा चांगले सहा फुटी. त्यांच्या शंभर सी.सी.च्या गाडीचं हँडल जेमतेम माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाच्या मापाचं. त्यावर दादा बसले की पाणी पिणाऱ्या बगळ्यासारखे वाकलेले दिसायचे. ताठ बसायचं तर हँडल वर यायला हवं होतं.

दादांचे साहेब चांगले होते. त्यांनी चांगुलपणानंच सुचवलं की फिरती जमत नसेल तर तसा अर्ज द्या, दवाखान्यात टेबलाचं काम देतो. दादा घरी येऊन म्हणाले, "टेबलावर बसून काय करू? म्हशीला नंबर देऊ व्हय, की तू तिसरी, तू चौथी?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. फिरती टिकवायची, एवढाच एक विषय त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात होता.

मी गोदामातून दोन दिवसांची रजा काढली. हळदीचा हंगाम होता. दोन दिवस मिळाले हेच खूप. आदल्या रविवारी बाळापूरला गेलो. गाडी अंगणात मधल्या स्टँडवर उभी केली, दादांना तिच्यावर ताठ बसवलं, हात सैल पुढे धरायला सांगितले आणि मुठी येतील तिथं काठी आडवी धरून टेपनं माप घेतलं. हँडल अडीच इंच वर हवं होतं. मग डायरी काढली.

"लिही," दादा म्हणाले. "एक. पुढच्या ब्रेकची लांब केबल."

"दादा, आधी हँडलखालचे ठोकळे. केबल त्याच्या नंतर."

"लिही म्हणलं ना. पुढचा ब्रेक एक नंबर. बाकीचं तुला पाहिजे तसं लिही."

"पुढचा ब्रेक तुमी कधी धरलाय?"

"आता धरीन."

मला हसू आलं. आमच्या भागात तेव्हा पुढचा ब्रेक कुणीच धरत नसे. रस्ते मुरमाचे, खडीचे. पुढचं चाक एकदम अडवलं की ते घसरतं आणि माणूस हँडलवरून पलीकडे. म्हणून गाडी शिकवताना पहिला धडा तोच, उजव्या हाताची ती पट्टी विसरायची आणि ब्रेक फक्त उजव्या पायाचा. कितीतरी जण तर पुढची केबल मुद्दाम सैल करून ठेवायचे, चुकून हात पडायला नको म्हणून. मला हा धडा दिला होता दादांनीच. बाळापूरच्या बाजाराच्या मोकळ्या मैदानात, मागच्या सीटवर बसून, माझ्या उजव्या हातावर चापट मारत: "सोड ती पट्टी! पाय काहून दिलाय देवानं?"

आता तेच पुढचा ब्रेक एक नंबर म्हणत होते. मला वाटलं, दुखण्यानं माणूस भितरा होतो.

मी यादी लिहिली. पण घरी आल्यावर नव्या पानावर पुन्हा उतरवली, कामाच्या क्रमानं. ठोकळे. लांब बोल्ट. क्लचची केबल. ॲक्सिलरेटरची केबल. दिव्याच्या वायरी. आरसे. पुढच्या ब्रेकची केबल. पहिल्या नंबरची ओळ सातवर गेली. क्रम मला फार पटला होता.

आठवी ओळ होती चपलेची. मी दादांची गाडी घेऊन बाळापुराहून निघालो तेव्हा दादा मला सोडायला फाटकापर्यंत आले. बोलत बोलत आले. त्यांची उजवी चप्पल उंबऱ्यापाशीच राहिली होती आणि ते एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असे अंगण ओलांडून आले होते. उन्हानं अंगण तापलेलं. वहिनींनी मागून चप्पल आणून त्यांच्यासमोर ठेवली.

मी म्हणालो, "काय दादा, एक पाय देवळात हाय का?"

दादांनी खाली पाहिलं. वाकता येत नव्हतं म्हणून फाटकाला धरून हळूच पाय सरकवला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आत गेला. म्हणाले, "सैल झाली." मी उभ्या उभ्या डायरीत लिहिलं: चप्पल, मागे पट्टा असलेली. दुसऱ्या दिवशी हिंगोलीत आणली पण. यादीतली सगळ्यात आधी खूण झालेली ओळ तीच.

एस.टी. डेपोच्या मागच्या अंगाला माझ्या ओळखीच्या मिस्त्रींचं गॅरेज होतं. सोमवारी सकाळी गाडी तिथं लावली. ठोकळे लेथवर करून घ्यायचे होते. लेथवाल्यानं लोखंडी गोल सळईचे दोन तुकडे कापले, मधून भोकं पाडली, तोंडं साफ केली. दुपारपर्यंत दोन चकचकीत ठोकळे माझ्या हातात. जुने बोल्ट काढून लांब बोल्ट टाकले, ठोकळ्यांवर हँडल चढवलं, आवळलं. मी बसून पाहिलं. माझे हात खांद्याच्या पातळीला आले. दादांना बरोबर बसणार होतं.

पण हँडल अडीच इंच वर गेलं म्हणजे त्याला बांधलेलं सगळंच ताणलं गेलं. डावीकडे वळवलं की इंजिन आपोआप रेस व्हायला लागलं, कारण ॲक्सिलरेटरची तार ओढली जायची. क्लच अर्धा दाबलेलाच राहायचा. मिस्त्रींनी मोठ्या गाडीची क्लच केबल मिळवून बसवली. ॲक्सिलरेटरला स्कूटरची लांब तार घेऊन तिच्या टोकाला गोळी झाळून दिली. दिव्याच्या वायरी वाढवल्या, आरसे वळवले. मंगळवारी चारपर्यंत गाडीच्या सहा ओळींवर खुणा झाल्या.

राहिली पुढच्या ब्रेकची केबल. हँडल वळवलं की तीही ताणली जायची आणि चाकाला ब्रेक लागून राहायचा. लांब केबल हिंगोलीत कुठंच नव्हती. पार्टच्या दुकानदारानं नांदेडला निरोप दिला, म्हणाला शुक्रवार-शनिवारपर्यंत येईल.

"थांबता का शनिवारपर्यंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"कसं थांबू? दादा उद्या सकाळी फिरतीला निघणार. माझी रजा आज संपती."

"तो फिर काढून टाकू. मागचा ब्रेक बराबर हाय, आताच आवळला मी. पुढचा धरतंय कोण? ह्या गॅरेजात दिवसाला वीस गाड्या येऊन राहिल्या, एकाचा तरी पुढचा ब्रेक चालू हाय का बघा." आणि मग, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, ते म्हणाले, "पर दादाला सांगा बरं का."

त्यांनी केबलचं खालचं टोक चाकापासून सोडवलं. सैल पट्टी खडखड वाजते, म्हणून ते टोक एका छोट्या स्प्रिंगनं शॉकअपला बांधून टाकलं. आता पट्टी दाबली की हाताला ताठ लागायची, सोडली की परत जायची. चाकाला मात्र तिचा काही पत्ता नव्हता. मी डायरीत सातव्या ओळीपुढे लिहिलं: नांदेडहून, शनिवार.

संध्याकाळी गाडी घेऊन बाळापूरला पोचलो. दादा अंगणात वाटच पाहत होते. मी गाडी स्टँडवर लावली, ते चढून बसले. ताठ. हात सरळ. दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. "वा रे पठ्ठ्या. आता बघ साहेबाला दाखवतो." वहिनींना हाक मारली, "आगं बघ, राजासारखा बसलो का न्हाई?" वहिनी दारातून म्हणाल्या, "राजाला सांगा, चहा निवून राहिलाय."

मग दादांनी उजव्या हाताची पट्टी दाबली. सोडली. परत दाबली.

"पुढचा ब्रेक?"

"झाला," मी म्हणालो.

का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शनिवारी मी येऊन केबल लावणारच होतो, हे एक. नाही म्हणालो असतो तर दादा गाडी घेऊन निघाले नसते, रागावले असते, माझे दोन दिवस फुकट गेले असते, हे दुसरं. आणि तिसरं, सगळ्यात खरं: मला काम झालं असं म्हणायचं होतं. आठ ओळींची यादी सात खुणांवर ठेवून घरी जाणं मला जमत नव्हतं, म्हणून मी तोंडानं आठवी खूण केली. डायरीत करायचं धाडस झालं नाही.

बुधवारी सकाळी दादा निघाले. डांबरी सडक सपाट; मूठ सोडली की गाडी आपोआप मंदावते, गियर उतरवत माणूस ब्रेकशिवाय कितीही लांब जातो. ब्रेकचं काम पहिल्यांदा पडलं ते तांड्याच्या उतारावर. खाली नाला, पलीकडे तांडा, आणि गुरं चरायला सुटायची वेळ. रस्ता भरून गुरं.

दादांनी उजवी पट्टी दाबली. काही झालं नाही. त्यांनी पाय दाबला. म्हणजे दाबला असं त्यांना वाटलं. त्यांचा पाय ब्रेकच्या पेडलवर नव्हताच, शेजारच्या लोखंडी गार्डवर होता. दादांना ते कळलं नाही, कारण त्या पायाला घोट्याखाली दोन महिन्यांपासून काही कळतच नव्हतं.

हे वहिनींना ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाही नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते गाडी बंद करतील, साहेबांना कळलं तर फिरती जाईल, म्हणून दादांनी ते सगळ्यांपासून लपवलं होतं. मागचा ब्रेक आपल्याला दगा देणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून पुढचा ब्रेक एक नंबर.

गाडी एका गायीच्या मागच्या पायावर गेली. गाय गाभण होती. तांड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईची. माजावर आली तेव्हा दादांनीच भरवली होती, गाभण असल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. गायीचा पाय मोडला. म्हातारी गायीजवळ बसली आणि दादांकडे बघून म्हणाली, "डाक्टर, तुमीच भरवली, तुमीच मोडली." शिवी नाही, आरडाओरडा नाही. एवढंच. दादांनी मला हे वाक्य नंतर कितीदा ऐकवलं ते मी मोजलेलं नाही.

दादा उठून उभे राहिले. लागल्यासारखं दिसत नव्हतं. गायीच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधायला सांगू लागले. तेव्हा तांड्याचा कारभारी त्यांच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाला, "डाक्टर, तुमच्या पायाचं रगत येऊन राहिलं. अंगठा फाटला." दादांनी खाली पाहिलं. नव्या चपलेचा पट्टा तुटून ती वर उतारावर पडली होती आणि अंगठ्याचं नख उलटं झालं होतं. "दुखत न्हाई का वो?" कारभाऱ्यानं विचारलं. चाळीस-पन्नास माणसं बघत उभी होती. जनावर पायावर भार का देत नाही हे दुरून ओळखणारी माणसं. त्यांना दादांचा पाय ओळखायला किती वेळ लागणार?

मला गोदामात फोन आला तो साडेदहाला. बाळापूरला पोचलो तेव्हा दादा खाटेवर बसले होते, अंगठ्याला पट्टी. गाडी कुणीतरी आणून अंगणात लावली होती. दादांनी तोवर शॉकअपला बांधलेली स्प्रिंग पाहिली होती. मला बघून त्यांनी खाटेवर बाजूला जागा केली. म्हणाले, "अक्षर चांगलं हाय ना तुझं? बस. अर्ज लिही."

अर्ज फिरती सोडून टेबलाचं काम मिळण्याचा. साहेबांनी मागितला नव्हता, तांड्यातल्या कुणी तक्रार केली नव्हती. दादांनी स्वतः सांगितला, मी लिहिला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' हे शब्द लिहिताना माझा हात थांबला, तर म्हणाले, "लिही. 'झाला' म्हणायचं अन् मोकळं व्हायचं."

केबल आली शनिवारी. ठरल्याप्रमाणे. मी ती दुकानातून घेतली, कागदात गुंडाळली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

दादा टेबलावर बसले. गुरं बाहेर झाडाखाली बांधलेली असायची आणि दादा खिडकीतून नोंद करायचे. गाडी त्यांनी मला देऊन टाकली. तिचं हँडल त्यांच्या मापाचं, माझे खांदे भरून येतात. ठोकळे काढायला मिस्त्रींना अर्धा तास लागला असता. मी काढले नाहीत. हे प्रायश्चित्त वगैरे नव्हतं. तेवढ्यासाठी गाडी पुन्हा त्या गॅरेजात लावावी असं कधी वाटलं नाही.

मी त्या गाडीवर बाळापूरला गेलो की दादा फाटकातच विचारायचे, "आली का रे केबल?" सुरुवातीला मी गाडी स्टँडवर लावण्यात वेळ काढायचो. मग मी उत्तर द्यायला शिकलो, "येऊन राहिली, नांदेडहून निघाली." पोरंसोरं, पाहुणे सगळे हसायचे. घरातली गंमत होऊन गेली ती. वहिनी मात्र त्या वेळी आत निघून जायच्या.

दादा निवृत्त झाले त्या आठवड्यात मी केबल पिशवीत टाकून नेली. फाटकातच ठरलेला प्रश्न आला. मी पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद सोडला. आतली तार ओढून पाहिली, ती हलेना.

"गंजली."

"व्हय."

"कधी आली?"

"त्याच शनिवारी."

दादा केबल हातात फिरवत अंगणातल्या खाटेवर जाऊन बसले. मला वाटलं, आता बोलतील, आणि एकदाचं होऊन जाईल. मग मीच बोललो. इतक्या वर्षांत तयार करून ठेवलेलं वाक्य. "दादा, पायाचं तुमी एका शब्दानं सांगितलं असतं, तर मी नांदेडला स्वतः जाऊन आणली असती. त्याच दिवशी."

"आणली असतीस. माहीत हाय."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

दादांनी केबलची गुंडाळी केली, माझ्या पिशवीत परत ठेवली आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"एक नंबर म्हणलं होतं मी," ते म्हणाले. "तेवढं पुरे न्हवतं तुला."

वहिनींनी चहा आणला. आम्ही प्यायलो. पावसाचं, हळदीचं बोललो. निघताना मी दादांची ती ओळखीची जुनी थट्टा येईल म्हणून फाटकात उगाच थांबलो. ती आली नाही. त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही.